चार पारदर्शक कागद

व्हर्ननच्या स्वयंपाकघरातलं टेबल मोठं,
तरी नकाशा त्यावर मावला नाही.
एका कोपऱ्यावर मिठाची बाटली, एकावर खताचं कॅटलॉग,
तिसऱ्यावर माझी टोपी.
चौथा कोपरा शेवटपर्यंत गुंडाळत राहिला.

अकरा हजार एकर वाळू, वर गवताची पातळ कातडी.
नेब्रास्कात आम्ही हिला जमीन म्हणतो.
नांगर लावला की ही वारा होते.
आधीच्या लोकांनी एकदा लावून पाहिला. एकदाच.

शिकागोचा पैसेवाला म्हणाला, एक नको, चार मैदानं करू.
आखणारे चार, चौघं एकमेकांना न विचारणारे.
एका मैदानासाठी कुणी विमान करून येत नाही,
चारांसाठी आठवडा काढतो.
मला पटलं. मला खुंट्यांचे पैसे रोजावर मिळणार होते.

ओडेट आली जूनमध्ये. तीन दिवस नुसती चालली,
पेन्सिल कानामागेच.
गायींच्या वाटा धरून जायची. म्हणायची,
चढ कसा घ्यायचा ते ह्यांना आधीच कळलंय.
फिंटन आयर्लंडचा. त्याला समुद्र हवा होता.
नाही म्हटल्यावर एका टेकाडावर बसून
तासभर गवताच्या लाटा बघत राहिला, मग म्हणाला, चालेल.
हिरोमिचींनी फावडं मागितलं.
फूटभर खणून चिमूटभर वाळू जिभेला लावली,
वहीत काय लिहिलं ते दाखवलं नाही.
चौथा, ब्रॅडशॉ, हेलिकॉप्टरमधून उतरलाच नाही म्हणा ना.
उंटावरून शेळ्या हाकल्या,
पण रेघ त्याचीच सगळ्यांत देखणी.

सप्टेंबरात चौघांचे पारदर्शक कागद आले.
डोरिननं, व्हर्ननच्या बायकोनं, ते एकावर एक ठेवले
आणि खिडकीच्या काचेला लावून धरले.
लाल, निळी, हिरवी, काळी.
कुठून कुठून फिरत आलेल्या चारही रेघा
एकाच खळग्यात उतरल्या होत्या.
ओडेटचा पहिला होल. फिंटनचा तेरावा.
हिरोमिचींचा शेवटचा.
ब्रॅडशॉनं आकडाच घातला नव्हता,
फक्त एक गोल, दोनदा गिरवलेला.

व्हर्ननने आणि मी एकमेकांकडं पाहिलं नाही.
उत्तरेचा वारा अंगावर न येणारी ती एकच जागा.
हिमवादळात गायी आपण होऊन तिथं जातात,
हाकावं लागत नाही.
एका फेब्रुवारीत साठ वासरं तिथं आडोशाला उभी राहिली
आणि वरून बर्फ भरत गेला.
एप्रिलमध्ये सापडली. उभीच.
मी सोळा वर्षांचा. दोर माझ्या हातात होता.

हे नकाशावर नसतं.
नकाशावर उंचीच्या रेषा असतात,
तिथं त्या जवळ जवळ येऊन गोल फिरतात,
अंगठ्याच्या ठशासारख्या.

मग महिनाभर फोन.
ओडेट म्हणाली, तो होल काढलात तर माझं नावही काढा.
फिंटननं दोन पानी पत्र लिहिलं, शिवी एकच, पण पहिल्या ओळीत.
ब्रॅडशॉतर्फे वकील बोलला.
हिरोमिची गप्प.

शेवटी शिकागोहून तोडगा आला:
कुणालाच नको.
तिथं पार्किंग करू. दोनशे गाड्या,
आणि वाऱ्याचा त्रास नाही.

डोरिन हसली, पुष्कळ वेळ.
हसतच होती असं मला वाटतं.
भांडी घासत होती, पाठ आमच्याकडं.

ऑक्टोबर सरता सरता मी खुंट्या ठोकल्या,
केशरी टोकांच्या, मोजून बेचाळीस.
मार्चमध्ये पुन्हा गेलो
तर खळगा हातभर पूर्वेला सरकला होता
आणि खुंट्या दिसत होत्या एकोणीस.
बाकीच्या वाळूखाली गेल्या की गायींनी पाडल्या,
शोधलं नाही.
वहीत बेचाळीसच लिहिलं.